उपेक्षेचा खांब

राहुलचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. डोंबिवलीच्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात फोन मसाल्याच्या फळीवर, जिऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि घ्यायचा असतो करंगळीने, कारण तेवढं एकच बोट कोरडं असतं. मी करंगळीने घेतला. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळी मी ठाण्याच्या हॉस्पिटलातून परत आले होते आणि रात्री तो तिच्यापाशी थांबला होता. त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं काही म्हणता येणार नाही. तरी मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच." समोर परातीत दुपारच्या डब्यांची कणीक मळून तयार होती. लोक म्हणतील काय ही बाई, पण मी सगळ्या पोळ्या लाटल्या, भाजल्या, डबे भरून रवाना केले आणि मगच निघाले. कणीक तशीच टाकून धावत सुटले असते तर अक्काच आधी ओरडली असती. दुसऱ्याच्या जेवणाचा खोळंबा करून कुणी आपल्यासाठी रडावं, हे तिला मुळीच खपलं नसतं. रडायला मला नंतर पुष्कळ वेळ मिळाला.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, विमल. जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. आमचाही होता, नाही असं नाही, पण तो रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की मिटायचा. मी लग्न होऊन कळव्याच्या चाळीत आले तेव्हा ती त्या घरात जुनी झालेली होती. एकाच खोलीत दोन भावांचे दोन संसार, मध्ये एक पडदा. माझ्या जिभेला हाड नाही, हे आख्ख्या चाळीला पहिल्या महिन्यातच कळलं. अक्काचं तसं नव्हतं. ती बोलायची कमी, पण काळजी इतकी करायची की समोरच्याचा जीव गुदमरावा. कोण जेवलं, कोण उपाशी झोपलं, कुणाला खोकला झाला, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला... सगळं तिला माहीत असायचं आणि सगळ्यात तिला हात घालायचा असायचा. पुढे मोठ्या दिरांनी डोंबिवलीला घर घेतलं, मागोमाग आम्हीही गेलो, आणि दीर गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून हे केंद्र काढलं. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. एकाच तव्यावर दोघी पोळ्या भाजायला लागल्यावर ते आपोआप गळून पडलं.

आता खांबाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कळव्याच्या आमच्या चाळीमागे बुद्धविहार होता. म्हणजे पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी आणि मधोमध चार खांब. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक जण आमच्या चाळीत राहायचा. त्याने हौसेने त्या चार खांबांवर निळ्या रंगात एकेक शब्द रंगवला होता : मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. दर रविवारी सकाळी वंदना असायची आणि वंदनेत पोरं नुसता धुडगूस घालायची. त्यावर अक्काने उपाय काढला होता. पोरांची तोंडं चार दिशांना करून एकेकाला एकेका खांबाशी बसवायचं. तिच्या राहुलच्या वाट्याला कायम उपेक्षेचा खांब, कारण तो दाराजवळचा होता आणि राहुलला मध्येच सू लागायची. त्या खांबाकडे बघून बघून तो पोरगा 'क्ष' काढायला शिकला, शाळेत शिकवायच्या आधी. एकदा त्याने विचारलं, "आई, उपेक्षा म्हणजे काय?" अक्काला तेव्हा कुठे माहीत होतं! ती म्हणाली, "म्हणजे खांबाजवळ गप बसायचं." तेव्हापासून घरीदारी कुठेही राहुलचा दंगा वाढला की अक्का डोळे वटारून म्हणायची, "राहुल, खांबाजवळ बस." घरात खांब नव्हता. पण तो भिंतीला टेकून मांडी घालायचा आणि गप व्हायचा.

हा राहुल शिकला, नोकरीला लागला, स्नेहलशी लग्न करून माजिवड्याला एका उंच इमारतीत राहायला गेला. तोवर मोठे दीर गेलेले होते. अक्काचा सगळा जीव एका मुलात, आणि मुलगा लिफ्टने वर जाणारा. मग फोन सुरू झाले. सकाळी उठलास का, दुपारी जेवलास का, संध्याकाळी पोचलास का. त्याने नाही उचलला तर स्नेहलला. "आज भाजी काय केलीस? वांगं? त्याला वांग्याने खाज येते गं." स्नेहल चांगली मुलगी आहे, उलट बोलायची नाही. पण एकदा केंद्रात पोळ्या न्यायला आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, आईंचा फोन आला ना, की आमच्या घरात तिसरं माणूस येऊन बसतं हो." मी अक्काला तोंडावर सांगितलं. मी असल्या गोष्टी पोटात ठेवत नाही. अक्का दुखावली. "विचारलं तर बिघडलं कुठे? आई आहे मी." त्यानंतर ती फोन चोरून करायची, मी भाजी आणायला गेले की.

अशात तिला कुणीतरी ध्यानशिबिराचं सांगितलं. खडवलीला उतरून पुढे रिक्षाने जायचं, दहा दिवस मौन, फोन काढून घेतात. मी म्हटलं, ही तिसऱ्या दिवशी परत येते की नाही बघा. पण अक्काच्या जाण्यामागे वेगळंच कारण होतं. ते तिने मला निघताना पिशवी भरता भरता सांगितलं, "रजनी, दहा दिवस दुसऱ्याच्या हातचं आयतं ताट मिळतंय गं. जन्मात मिळालं नाही." तेवढ्यासाठी ती गेली! पूर्ण दहा दिवस काढून परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण डोळे शांत वाटले. म्हणाली, पहिले काही दिवस डोळे मिटले की समोर तवाच दिसायचा. मनातल्या मनात पोळ्या लाटून लाटून दमले. मग तवा गेला आणि राहुल दिसायला लागला... तो काही जाईना. "जेवण कसं होतं?" मी विचारलं. "मीठ कमी," ती म्हणाली, "पण वाढणाऱ्या बायका फार मायेने वाढायच्या."

तेव्हापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळी केंद्राचं शटर अर्धंच वर करायचं आणि आत कांद्याच्या पोत्याशेजारी पाट टाकून बसायचं. श्वास आत, श्वास बाहेर, बाकी काही नाही. मीही बसून पाहिलं. मला झोप लागली आणि मी घोरले. "झोपेत तरी तोंड बंद ठेव," अक्का म्हणाली. आमच्या समाजात हे सगळ्यांना रुचलं असं नाही. कळव्याच्या विहारात गायकवाड गुरुजी आहेत, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस. ते तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "विमलबाई, आपल्याला डोळे उघडायला शिकवलंय. तुम्ही मिटून काय बसताय?" अक्का शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मिटल्यावर पण दिसतंच की हो. आणि जे दिसतं ते काही फार चांगलं नसतं." गुरुजींना उत्तर पटलं नाही, पण त्यांनी विषय वाढवला नाही.

ती काही संत झाली नव्हती, हेही सांगून टाकते. असे लेख वाचताना गेलेलं माणूस कायम देवमाणूस असतं. मला त्याचा राग येतो. एका सकाळी ध्यानावरून उठली आणि लगेच सिलेंडरवाला आला, उशिरा, आणि वर सुट्टे नाहीत म्हणाला. अक्काने त्याला असा झाडला की समोरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन बघायला लागला. मग आत आली, ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बघ, राग आला. कानशिलं तापली. आता उतरतायत हळूहळू." मी म्हटलं, "तुझी उतरतायत, त्याची तापली ना!" ती विचारात पडली. पुढच्या खेपेला तिने त्याला बसवून चहा पाजला. तो बिचारा घाबरतच प्यायला.

त्या वर्षी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, एक भिक्खू, भन्तेजी, कळव्याच्या विहारात प्रवचनाला येत. एका संध्याकाळी त्यांनी त्या चार खांबांवरचेच शब्द घेतले. मैत्री, करुणा, मुदिता तर सगळ्यांना कळतात, म्हणाले, अडखळतो आपण चौथ्याशी. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. धम्मात तसं नाही. उप म्हणजे जवळ आणि ईक्षा म्हणजे बघणं. जवळ राहून बघायचं, पण ओढायचं नाही, ढकलायचं नाही. अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. परत येताना रिक्षात म्हणाली, "इतकी वर्षं त्या खांबाला टेकून बसलो गं आपण, आणि पोराला मी सांगितलं काय, तर गप बस!" दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना ती एकदम थांबली. तव्यावर पोळी होती. म्हणाली, "हे बघ. हिला सारखी उलथन्याने उचलून बघितली की ही फुगत नाही. सोडून गेलीस तर करपते. इथेच उभं राहायचं, नुसतं बघत. ही उपेक्षा." पोळी फुगली. आम्ही दोघी बायका तव्याकडे बघत उभ्या, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत.

आणि मग अक्काने ती विद्या राहुलवर चालवायची ठरवली. फोन बंद. तिला ते किती जड गेलं हे मी पाहिलंय. हात पदराला पुसून फोनपर्यंत जायची आणि परत यायची, खोलीभर फेऱ्या मारायची. मी म्हटलं, "अगं कर एखादा." "नाही. डिवचायचं नाही." आठवडाभराने त्याचाच फोन आला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर, अक्काचे हात कणकेत. तो म्हणाला, "आई, बरी आहेस ना? आठवडा झाला, तुझा फोनच नाही." अक्काचा चेहरा असा फुलला की काय सांगू. शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरीसारखी म्हणाली, "बरी आहे रे. तुझी उपेक्षा करायला शिकतेय."

"काय करायला?"

"उपेक्षा. तुझी. जमायला लागलीय आता थोडी थोडी."

तिकडून काही आवाज नाही. मग फोन कट झाला. "रेंज गेली वाटतं," अक्का म्हणाली आणि पुढचा उंडा घेतला. रेंज गेली नव्हती. पण ते मलाही तेव्हा कळलं नाही. आम्ही दोघी त्या शब्दाच्या नव्या अर्थात इतक्या मुरलो होतो की जुना अर्थ कुणाच्या तरी कानात अजून जिवंत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर राहुलचा फोन येईना. बुद्धपौर्णिमेला दोघं आली, खीर खाल्ली, सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखी बसली आणि गेली. अक्काला वाटलं, पोरगा समंजस झाला, त्यालाही उपेक्षा कळली. मला काही ते लक्षण ठीक दिसेना. शेवटी स्नेहलला मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "काकी, तो म्हणतो, आई स्वतः बोलली मला की मी तुझी उपेक्षा करते. कुठली आई असं तोंडावर बोलते? रात्रभर झोपला नाही तो." मला आधी हसू फुटलं, आणि हसता हसताच लक्षात आलं, त्या दिवशी रेंज गेलीच नव्हती. अक्काला सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं पोळपाटावरच थांबलं. तिने लगेच फोन लावला, कणकेच्या हातानेच. "अरे राहुल, ती नव्हे रे, पालीतली उपेक्षा! खांबावरची!" तो थंडपणे म्हणाला, "आई, पालीत काय आणि मराठीत काय. फोन यायचा तो बंद झाला ना?"

खरं सांगते, मला त्याचं पटलं. मी त्या दिवशी अक्काशी भांडले. म्हटलं, आधी त्या पोराला श्वास घेऊ दिला नाहीस, मग एकदम दोर कापून टाकलास. पोळी करपली की गं, तू तव्याजवळ उभीच नव्हतीस. तिने ऐकून घेतलं. तिची नेहमीची सफाई नाही, काही नाही. मग म्हणाली, "जवळ पण राहायचं आणि डिवचायचं पण नाही... तव्यापाशी जमतं गं, रजनी. राहुलपाशी नाही जमत. फोन केला की हात घालावासा वाटतो आणि नाही केला तर तो तुटतो. मधलं मला येतच नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने दंडाने पुसलं, कारण हाताला पीठ होतं. ध्यानाला बसणं तिने सोडलं नाही. पण ती हसून 'जमतंय' म्हणायची, ते मात्र बंद झालं. मला त्या दिवसांत तिची फार दया यायची आणि रागही यायचा.

फोन पुन्हा सुरू झाले. आठवड्यातून एखादा, रविवारी, मोजूनमापून. हवापाण्याचं बोलायचे दोघं. त्याने काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. असं वर्ष तरी गेलं असेल. मग अक्काच्या पोटात दुखायला लागलं. तिने नेहमीसारखं ओवा, हिंग, शेक असं करून ते लांबवलं, आणि तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी राहुलला बाजूला बोलावलं. त्याने तिला ठाण्याच्याच हॉस्पिटलात ठेवलं, माजिवड्याहून जवळ पडावं म्हणून. ऑफिसातून रजा काढली. आणि गंमत बघा, आता तो अक्का झाला. हे खा, ते पी, कुशीवर वळ, पाय लांब कर, औषध घेतलंस का, सिस्टर, सलाईन संपत आलंय, सिस्टर, इकडे बघा! दिवसभर त्या खाटेभोवती नाचायचा. अक्का काही बोलायची नाही. दुखायचं तेव्हा डोळे मिटून पडायची. ओठ हलायचे नाहीत, फक्त श्वास दिसायचा. त्याला ते बघवायचं नाही. त्याला वाटायचं, ती आपल्यापासून लपवतेय.

एका दुपारी दुखणं फार वाढलं. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होत्या, येते म्हणाल्या होत्या, येतही होत्या, पण राहुलचा धीर सुटला. वॉर्डाच्या मध्यात उभा राहून तो ओरडायला लागला. बाकीच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मी त्याचा हात धरायला गेले तर त्याने झटकला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"राहुल... खांबाजवळ बस."

चाळिशीला आलेला पोरगा. तो जागच्या जागी थांबला. इकडे तिकडे बघितलं, खांब नव्हताच. मग तो खाटेशेजारच्या भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवर मांडी घालून बसला. सिस्टर आल्या, इंजेक्शन दिलं, गेल्या. तो उठला नाही. अक्काने मान त्याच्याकडे वळवली आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. ना हात पुढे केला, ना काही विचारलं. तोही बघत राहिला. मी जन्मात इतका वेळ गप्प बसलेली नाही, पण त्या दिवशी बसले. बऱ्याच वेळाने अक्का म्हणाली, "ही बघ... ही ती उपेक्षा." राहुलने मान हलवली.

त्यानंतरचे दिवस तो निराळाच होता. खुर्ची खाटेजवळ ओढून बसायचा, हवं नको बघायचा, पण नाचायचा नाही. तिला दुखायला लागलं की तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. अक्कानेही जेवलास का, झोपलास का, असं काही विचारलं नाही. मला वाटतं, ती जे मधलं मधलं म्हणत होती ते तिला तिथे सापडलं होतं. शेवटच्या संध्याकाळी मी निघायची तयारी करत होते. राहुल नुकताच खालून आला होता, चेहरा सुकलेला. अक्काने डोळे उघडले, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जेवलास का रे?"

मी माझी सवय सोडायची नाही. म्हटलं, "काय अक्का, झाली का उपेक्षा?"

"आज सुट्टी आहे तिला," ती म्हणाली.

राहुल हसला आणि हसता हसता त्याने तिच्या पांघरुणात डोकं खुपसलं. तो किती तरी वेळ वर आला नाही. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. अक्काला मी जिवंत पाहिलं ते तसं.

अक्काचं पुण्यानुमोदन, म्हणजे मागचं कार्य, कळव्याच्याच विहारात केलं. विहार आता पक्का झालाय, वर स्लॅब आहे, पंखे आहेत, आणि मागच्या नूतनीकरणात कमिटीने चारही खांबांना पांढऱ्या टाइल्स लावल्यात. शब्द आत गेले. कुठला खांब कुठला, हे आता आमच्या वयाच्या लोकांनाच ठाऊक. त्रिशरण-पंचशील झालं, गायकवाड गुरुजी दोन शब्द बोलायला उठले. म्हणाले, "विमलबाईंचं डोळे मिटून बसणं मला शेवटपर्यंत पटलं नाही. पण त्यांच्या हातची पोळी मी डोळे मिटून खायचो." लोक हसले, आणि गुरुजी डोळे पुसत खाली बसले. मी राहुलला शोधत होते. पुढे खुर्ची ठेवली होती त्याच्यासाठी, ती रिकामी. तो दाराजवळच्या खांबाला टेकून खाली बसला होता, पायरीवरच्या चपलांच्या ढिगाशेजारी. स्नेहल त्याच्या बाजूला.

केंद्र मी चालू ठेवलंय. मदतीला एक बाई येते, तिचा हात अजून बसायचाय. सकाळी शटर अर्धं वर करते, पाट टाकते, बसते. झोप अजूनही लागते. आणि रोज सकाळी, मी तव्यापाशी उभी राहते ना राहते तोच, जिऱ्याच्या डब्याला टेकलेला फोन वाजतो. "काकी, उठलीस का? चहा घेतलास? गुडघ्याला तेल लावलंस? काल खोकत होतीस, आंबट खाऊ नकोस." दुपारी परत. संध्याकाळी परत. आईचं सगळं बाड याच्याकडे वारशाने आलंय. परवा मी फार घाईत होते, डब्यांची वेळ झालेली, तव्यावर पोळी, आणि याचं चालूच, ब्लडप्रेशरची गोळी घेतलीस का. मी वैतागून म्हटलं, "अरे बाबा, जरा उपेक्षा कर की माझी!"

बोलून गेले आणि हात थांबला. तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, कट केला. करंगळीने फोन जवळ ओढला, तर तो चालू होता. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"करतोय ना काकी," राहुल म्हणाला. "म्हणून तर रोज फोन करतो."

तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. मी ती उलटली आणि त्याला सांगितलं, हो, गोळी घेतली.